जोडून टाकलेली नदी

"नाताळ अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा," असा निरोप वसईहून आला, तेव्हा माझा नवरा पास्कल म्हणाला, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे? कापायचं आणि चिकटवायचं." हा गृहस्थ स्वतः गेली कित्येक वर्षं मस्कतच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. म्हणजे कापायचं आणि शिजवायचं. पण चाळणी सुईला नावं ठेवते, तसं आहे हे. मी त्याच दिवशी वही घेऊन बसले.

माझं काम प्रतिकृती बनवण्याचं. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत टॉवर दिसतो, त्यापुढे निळा तलाव, नखाएवढ्या गाड्या, काडीएवढी माणसं, हे सगळं आमच्यासारखे लोक हातानं करतात. मस्कतच्या रुवी भागात, एका मागच्या गल्लीत आमची कार्यशाळा आहे. खाली टायरचं दुकान, वर आम्ही. आता लेझरनं पत्रे कापणारं यंत्र आलंय, छापून वस्तू काढणारंही आलंय, पण खजुराच्या झाडाच्या झावळ्या अजून मीच कातरते. एका मोठ्या हॉटेलच्या कामात मी नऊशे खजूर लावले होते. मालकांनी ते मोजले.

गिऱ्हाइकं एकेक नमुना असतात. अझैब्याच्या एका साहेबांनी बंगल्याच्या दारात त्यांची पांढरी गाडी दाखवायला लावली आणि सहा महिन्यांनी फोन करून म्हणाले, गाडी विकली, नवी काळी आहे, रंग बदलून द्या. दुसरे एक हॉटेलवाले प्रतिकृतीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाले, "मॅडम, समुद्र थोडा लांब वाटतोय. चार इंच पुढे घ्या." मी घेतला. तेव्हापासून भूगोल हा विनंतीवरून बदलता येतो, अशी माझी समजूत झाली होती. ती समजूत मला कशी नडली, तेच सांगायचं आहे.

त्याआधी धंद्यातली एक सवय सांगते. आमच्याकडे नकाशे येतात ते दहा हातांतून फिरून येतात. कुठे भिंत अर्धीच छापलेली, कुठे रस्ता मधेच गायब. प्रत्येक वेळी फोन करून विचारत बसलो तर काम कधी व्हायचं? म्हणून तुटलेली रेष दिसली की आम्ही ती जोडून टाकतो. आमच्या उस्तादांनी मला मुंबईत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "रेष तुटली की कागदाची चूक समज, जोडून टाक आणि पुढे हो." शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हे बरोबरच निघतं.

तर काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अबू नासर आले. म्हणजे नासरचे वडील. ओमानमध्ये माणसाला असं थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. पाण्याच्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, राहणारे इब्रा शहराजवळच्या एका गावचे. अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला नक्षीची टोपी, हातात काठी. हिंदी झकास, म्हणजे रुवीच्या दुकानांत शिकलेली, जिच्यात सगळ्या वस्तू पुरुष असतात.

"सिस्टर, मेरे को एक नदी चाहिए," ते म्हणाले.

मला वाटलं इथलीच एखादी वादी असेल. ओमानमध्ये नदी नाही, वादी असते. एरवी कोरड्या गोट्यांचं पात्र, आणि पाऊस झाला की त्यातून गाड्या वाहून जातात. पण अबू नासरांना हवी होती युरोपातली नदी. क्रोएशियाच्या हद्दीजवळ स्नेझनिक नावाचा डोंगर आहे, तिथे उगम. तिथून स्लोव्हेनियातून वायव्येला वाहते, तेव्हा तिचं नाव रेका. त्यांच्या भाषेत रेका म्हणजे नुसतं 'नदी'. आणि इटलीत त्रिएस्त शहराच्या पलीकडे समुद्राला मिळते, तेव्हा तिचं नाव तिमावो. तरुणपणी खात्यानं त्यांना त्या शहरात प्रशिक्षणाला धाडलं होतं. सुट्टीच्या दिवशी बसनं जाऊन त्यांनी ती समुद्राजवळ पाहिली होती. "वहाँ एक चर्च है सिस्टर, सेंट जॉन का. तुमको अच्छा लगेगा," हेही त्यांनी मला सांगितलं. माझ्या गळ्यातला क्रूस त्यांनी आल्याआल्याच पाहिला असणार.

मी विचारलं, "पण बाबा, इब्र्याला इटलीची नदी कशाला?"

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते नीट ध्यानात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्यांच्या गावाला पाणी मिळतं फलजचं. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर, तिला आईविहीर म्हणतात. तिथून जमिनीच्या पोटातून खणलेला बोगदा निघतो आणि पाणी आपल्या उतारानं चालत मैलभर अंतरावर गावात उघडं होतं. ना पंप, ना वीज. प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती सांभाळलेली. आता त्यांचा चुलतभाऊ अबू खालिद याला आईविहिरीच्या वरच्या अंगाला, स्वतःच्या जमिनीत, खोल बोअर मारायची होती. जनावरांच्या चाऱ्याची शेती करायची होती. त्याचं म्हणणं, जमीन माझी, खालचं पाणी माझं, फलजशी त्याचा संबंध काय? शुक्रवारी नमाजानंतर गावाची बैठक होती. गावानं होकार दिला की अर्ज पुढे जाणार. शेजारच्या एका गावात असंच झालं होतं आणि तिथले खजूर उभ्या उभ्या वाळले, ते अबू नासरांनी डोळ्यांनी पाहिलेलं.

"मग तुमच्याच फलजची प्रतिकृती करू की," मी म्हटलं.

ते हसले. "हमारा फलज दिखाया तो झगड़ा होगा. ये बोलेगा मेरा खेत छोटा बनाया, वो बोलेगा मेरा दीवार किधर है. दूर का नदी लाएगा तो कोई नहीं लड़ेगा."

मला हे फार पटलं. आमच्या वाडीत बांधावरून दोन सख्खे भाऊ वीस वर्षं बोलत नव्हते, मला का नाही पटणार?

आमच्याकडे नकाशे काढायला गौतम आहे. नागपूरचा, इंजिनियर, कामात चोख आणि बोलण्यात मोजका. त्यानं उंचीच्या रेषांचा नकाशा शोधून आठ फूट लांबीच्या लाकडी पाटाला बसेल असा छापून दिला. अशा कामात एकेका उंचीचा एकेक थर कापतात आणि जिना रचल्यासारखे थर एकावर एक बसवतात. मग वरून प्लास्टर फिरवून पायऱ्या बुजवतात, की डोंगर तयार. उंची मात्र आम्ही मुद्दाम वाढवतो. खऱ्या प्रमाणात केली तर मोठमोठे डोंगर पापडासारखे दिसतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, पैसे परत द्या.

काम करता करता माझ्या लक्षात आलं की नकाशात नदी तुटली आहे. उगमापासून निम्म्या वाटेपर्यंत ठसठशीत निळी रेष. मग एका टेकाडापाशी ती संपते. पुढे जवळजवळ तीन फूट नुसते ठिपके ठिपके, तेही पुसट, आणि अगदी समुद्राजवळ पुन्हा बोटभर निळी रेष. मी गौतमला ओरडून म्हटलं, "अरे, तुझ्या प्रिंटरची शाई संपलीय बघ!" तो जेवायला गेला होता. मी रेष जोडून टाकली.

नुसती जोडली नाही. नदी आहे म्हणजे दरी हवी, म्हणून मधल्या चांगल्या उंच पठारातून मी तीन फूट लांब, चार बोटं रुंद, देखणी दरी कोरून काढली. तिच्यात निळं रेझिन ओतलं. रेझिन म्हणजे चिकासारखा द्रव, वाळला की काचेसारखं पाणी दिसतं. दोन्ही काठांना मी झुडपंही लावली. खरं सांगते, इतकी सुंदर नदी मी आयुष्यात केली नव्हती. खालच्या टायरवाल्याला बोलावून दाखवली.

बुधवारी सकाळी अबू नासर बघायला आले. प्रतिकृतीपाशी उभे राहिले. काठीचं टोक उगमापासून नदीवरून हवेत सरकवत नेलं, आणि पठारापाशी थांबवलं. मग खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

"सिस्टर," पाणी पिऊन ते म्हणाले, "तुम्हारे गाँव में नदी कभी छुपता है?"

"नाही बाबा. आमच्याकडे नदी रुंद रुंद होत जाते, खाडी होते आणि समुद्राला मिळते."

"ये नदी छुपता है. इधर गुफा में जाता है. चालीस किलोमीटर नीचे, पत्थर के अंदर. फिर चर्च के पास बाहर आता है. दो किलोमीटर चलता है, बस, समुंदर." आणि माझ्या दरीकडे बघून म्हणाले, "अल्ला ने जो नहीं बनाया, वो तुमने बना दिया."

गौतम दारात उभा होता. हळूच म्हणाला, "ताई, ते ठिपके मीच काढले होते. भूमिगत प्रवाह अशी टीपही लिहिली होती खाली."

टीप होती. कागद पाटाच्या मापाला कापताना मीच ती कात्रीनं उडवली होती, आणि ती केराच्या डब्यात सापडली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सबंध नदीत बघण्यासारखी गोष्ट एकच होती, तिचं दिसेनासं होणं आणि जमिनीखालून चालत पुन्हा वर येणं. या म्हाताऱ्याला गावापुढे तेवढंच दाखवायचं होतं. नेमकं तेच मी दुरुस्त करून ठेवलं होतं. वर गौतमच्या प्रिंटरला शिव्या दिल्या होत्या. त्याची मी तिथल्या तिथे माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या ताई," पण मी विचारायला हवं होतं, आणि हे मला अजूनही टोचतं. इतक्या वर्षांत मी अशा किती रेषा जोडल्या असतील आणि त्यातल्या किती खरोखरच तुटलेल्या असतील, देव जाणे.

अबू नासर म्हणाले, दरी भरून टाका, वर पठार करा, मी काठीनं दाखवून तोंडानं सांगेन. मी दरीकडे बघत राहिले. मनात आलं, ही आयती खणलेली आहे. रेझिननं आतून पाणबंदही झाली आहे. हिच्यात बारीक खडी भरून वर पठाराचं झाकण घातलं, तर यातून खरंच पाणी जाईल.

"बाबा," मी म्हटलं, "सांगू नका. ओतून दाखवा."

ते उठले आणि म्हणाले, "यल्ला!" म्हणजे, चला.

दोन दिवस मी आणि गौतमनं मान वर केली नाही. गौतमनं इमारतीच्या कामावरून खडी आणून चाळली, धुतली. मी झुडपं उपटली. दरीत खडी भरली, वर जाळी, जाळीवर प्लास्टर, प्लास्टरवर चुनखडीचा करडा रंग. पाण्यात रमजानचं लाल सरबत मिसळायचं ठरलं, पण निळ्या रेझिनवर लाल काही दिसेना, म्हणून उघड्या नदीला पांढरा रंग दिला. पांढरी नदी मी तेव्हा पहिल्यांदाच केली. समुद्राच्या जागी माझा नाताळचा केक भाजायचा ट्रे बसवला. पास्कल म्हणाला, "त्या ट्रेला सरबताचा वास लागला तर मी केक खाणार नाही." आजवर दर नाताळात खातो आहे.

चाचणी घ्यायला मात्र वेळ उरला नाही. शुक्रवारी मी आणि गौतम गावाकडे निघालो, तेव्हा प्लास्टर पिकअपमध्येच वाळत होतं.

गावाची बैठक सबल्यात होती. सबला म्हणजे पुरुषमंडळींची बसायची मोठी खोली. भिंतीला टेकून गाद्या, मधे खजूर, हलवा आणि काहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, उंच चोचीची किटली. मी दारातच घुटमळले, तर अबू नासर म्हणाले, "तुम नदी के साथ आया है, अंदर आओ." पंधरा-वीस वडीलधारी माणसं होती. अबू खालिद समोरच बसला होता. मोठा, हसरा, मेंदी लावलेली दाढी. मला तो दुष्ट वाटावा अशी माझी फार इच्छा होती, पण त्यानं स्वतः उठून मला खजूर दिले आणि माझी मुलं काय करतात ते विचारलं.

अबू नासरांनी आधी नदीची गोष्ट सांगितली. अरबीतली निम्मी मला कळली. मग काहव्याची रिकामी किटली मागवून तिच्यात लाल पाणी भरलं आणि स्नेझनिकच्या डोंगरावर धार धरली.

पाणी पांढऱ्या पात्रातून वळणं घेत निघालं. सगळे पुढे झुकले. गुहेच्या तोंडाशी आलं आणि आत शिरलं. एका म्हाताऱ्यानं "माशाल्ला" म्हटलं.

मग काहीच झालं नाही.

अबू नासर ओतत होते. समुद्राच्या बाजूला ट्रे कोरडा ठणठणीत. किटली संपली, दुसरी भरली. खडी कोरडी होती, प्लास्टर अजून तहानलेलं होतं, ते पाणी पीत होतं हे मला कळत होतं, पण किती पिणार ते माहीत नव्हतं. कदाचित जाळीपाशी फट राहून सगळं पाटाखाली जात असेल. मी वाकून पाटाखाली हात लावून पाहिला. कोरडा होता.

"खलास," अबू खालिद म्हणाला. "नदी मर गया." लोक हसले. मग तो गादीवरून उठून पाटापाशी आला आणि म्हणाला, "नासर का अब्बा, तुम्हारा नदी है, गुफा है, सब है. मेरा कुआँ किधर है? मेरा कुआँ भी लगाओ."

अबू नासरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून हातानं फिरवायचं बारीक गिरमिट काढलं.

"किधर चाहिए?" मी अबू खालिदला विचारलं.

त्यानं दाढी कुरवाळत पठारावर बोट फिरवलं, आणि गुहेपासून बरंच लांब, एका कडेला टेकवलं. नकाशावरच्या ठिपक्यांपासून ती जागा दोन बोटं बाजूला होती. नेमकी दरी मी केली असती तर तिथे कोरडा डोंगर लागला असता. पण मी हौसेनं चार बोटं रुंद दरी कोरली होती. त्याच्या बोटाखाली अगदी कडेची खडी होती. मी त्यानं दाखवलं तिथेच भोक पाडलं, केसभरही इकडेतिकडे नाही. ॲक्रिलिक चिकटवण्याचा द्रव भरायला आम्ही सुईशिवायची इंजेक्शनची नळी वापरतो. एक कोरी नळी काढून तिला प्लास्टिकची पातळ पुंगळी लावली आणि त्याच्या हातात दिली. "ये तुम्हारा पंप."

तेवढ्यात गौतम म्हणाला, "ताई, आलं."

चर्चच्या जागी मी पांढऱ्या पुठ्ठ्याचं तांदळाएवढं देऊळ ठेवलं होतं; आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. त्याच्या पायाशी खडकातून लाल थेंब आला. मग दुसरा. मग बारीक धार लागली आणि ट्रेमध्ये टपटप वाजू लागली. अख्खी खोली गुडघ्यांवर आली. अबू नासरांनी किटलीची धार बारीक केली, पण थांबवली नाही.

अबू खालिद मात्र आता विहिरीचा मालक होता. त्यानं पुंगळी भोकात घातली आणि पंप ओढला. नळी लाल भरली. तो खूश झाला, नळी उंच धरून सगळ्यांना दाखवू लागला. "शूफ, देखो! पानी आया!" पुन्हा बुडवून राहिलेली जागाही भरून घेतली.

पण त्याच्या नळीकडे कोणी बघत नव्हतं. सगळे ट्रेकडे बघत होते. देवळाच्या पायाशी धार बारीक झाली, थेंब झाले, एक थेंब खडकाला लोंबत राहिला आणि पडलाच नाही.

अबू खालिदनं लोकांकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग हातातल्या नळीकडे. त्यानं पुंगळी पुन्हा भोकात घातली आणि अंगठ्यानं दट्ट्या हळूहळू खाली दाबला. नळी रिकामी झाली. लोंबणारा थेंब पडला. त्याच्यामागून धार आली.

त्यानं बोटं दिशदाशाला पुसली, नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "सिस्टर, ये छेद बंद करो."

मी वाटीत प्लास्टर कालवलं आणि सुरीच्या टोकानं त्याची विहीर बुजवली. वाळायला पाच मिनिटं लागतील म्हटलं. वाळेपर्यंत तो पाटापाशीच मांडी घालून बसून राहिला.